आत्या, बटण सोड!

गेल्या वर्षी गणपतीला गुहागरला जाताना अप्पाकाकांची गाडी वडखळ नाक्यावर अलिबागच्या रस्त्याला लागली. "चाळीस वर्षं जातोय, नकाशा कशाला?" म्हणणारा माणूस. पोयनाड आलं तेव्हा चूक लक्षात आली. काकांचा फोन डिकीतल्या बॅगेत, काकूंचा पर्समध्ये सायलेंटवर आणि पर्स मखराच्या थर्माकोलखाली. बाकीच्या दोन गाड्या नागोठण्याला सव्वा तास थांबल्या, वडे गार झाले आणि माझ्या नवऱ्याने जाहीर केलं की पुढच्या वर्षी वॉकीटॉकी. म्हणजे शोधायचं मी, हे ओघानंच आलं.

खरं तर घरात दोन सेट आधीपासून पडून होते. न्यू जर्सीच्या चुलतदिराने आणलेले, पिवळे, खेळण्यासारखे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३५ मैल. ३५ मैल म्हणजे ५६ किलोमीटर! मुलुंडहून बोललं तर पेणच्याही पुढे ऐकू जायला हवं. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे, त्याला डबा दाखवला. तो हसला. तो आकडा म्हणे एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्यावर, मध्ये काहीही नसताना. आणि मुख्य म्हणजे हे सेट अमेरिकेतल्या ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. तिथे ते विनापरवाना वापरता येतात, आपल्याकडे नाही. आपल्याकडे हातातल्या छोट्या सेटसाठी विनापरवाना पट्टा आहे तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा. पिवळे सेट परत माळ्यावर गेले.

मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण ग्रँट रोडला उतरून तसं विचारलं तर लोक तोंडाकडे बघतात. पहिल्याच दुकानात एक काळा, जाडजूड, लांब अँटेनाचा सेट हातात ठेवला. "मॅडम, पाच वॉट. सगळं पकडतो." हे 'सगळं' ऐकूनच मला धास्ती बसली. अशा सेटवर पाहिजे ती फ्रिक्वेन्सी टाकता येते. बाओफेंगचा यूव्ही-५आर हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ. हॅमवाल्यांच्या हातात तो शोभतो, कारण त्यांनी परीक्षा दिलेली असते. पण आमच्या गाडीत बोलणाऱ्या प्रत्येकाने परीक्षा द्यायची म्हटलं तर आत्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि चुकून भलत्याच पट्ट्यात, एखाद्या सरकारी यंत्रणेच्या बोलण्यात, आपण "भजी घ्यायची का?" विचारलं तर? "लायसन्स लागतं ना याला?" असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "कोण बघतंय." मी चहा न घेता बाहेर पडले.

सहकाऱ्याने दोनच गोष्टी तपासायला सांगितल्या होत्या. फ्रिक्वेन्सी ४४६ची आहे ना, आणि सेटला ईटीए म्हणजे सरकारची उपकरण-मंजुरी आहे ना. ऑनलाइन घेणाऱ्यांनीही हेच बघावं. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यासाठीच ई-कॉमर्सवाल्यांना नियमावली लावून दिली, तोवर बिनमंजुरीचे सेट तिथे खुशाल मिळत होते. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही विनापरवाना आहे, ५ वॉटपर्यंत. अमेरिकेतले ट्रकवाले वापरतात तोच. पण त्याची लहर ११ मीटरची, म्हणजे धड अँटेना म्हटली तर गाडीच्या टपावर लहरीच्या पाव लांबीची, पावणेतीन मीटरची काठी. आमच्या टपावर मखर असतं. विषय संपला.

शेवटी पाचव्या दुकानात मंजुरीचा कागद दाखवणारा भेटला. सेट जोडीने मिळतात, गाड्या तीन, म्हणून चार घेतले. ताकद अर्धा वॉट, अँटेना सेटलाच जडवलेली, बदलता येत नाही. हातात घेऊन मी एकच गोष्ट पारखली: बोलायचं बटण. ते मोठं हवं, बाजूला हवं आणि न बघता अंगठ्याखाली सापडायला हवं. स्क्रीन रंगीत आहे का, टॉर्च आहे का, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. आणि आवाज मोठा हवा. घाटात खिडक्या उघड्या, मागे एसटीचा हॉर्न, पुढे आमचा मुलगा. त्यातून ऐकू आलं पाहिजे.

चाचणी घेतल्याशिवाय मी मिक्सरसुद्धा घेत नाही. एका रविवारी सकाळी नवऱ्याला नरीमन पॉइंटच्या टोकाला उभं केलं आणि मी गिरगाव चौपाटीवर गेले. मध्ये फक्त पाणी. सरळ अंतर तीनेक किलोमीटर असेल. शेजारी बसल्यासारखा आवाज! मी तर खूशच. संध्याकाळी मुलुंडला घरी आलो, तो स्टेशनकडे चालत निघाला. दुसरी गल्ली ओलांडली आणि खरखर, तिसऱ्या गल्लीत शुकशुकाट. सेट तोच, बॅटरी तीच. मध्ये इमारती आल्या, एवढंच. तेव्हापासून कुणी "रेंज किती?" विचारलं की मी उलट विचारते, "मध्ये काय आहे?"

गाडीतही तेच. पत्र्याचा डबा तो. सेट कपहोल्डरमध्ये ठेवला की खरखरतो, पुढच्या काचेजवळ धरला की स्वच्छ. आणि धरायचा कुणी? ड्रायव्हरने अजिबात नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हातात धरायचं संपर्क साधन चालवताना वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच मोडतं. तेव्हा हे खातं डावीकडच्या सीटचं. आमच्या गाडीत मी, काकांच्या गाडीत काकू, आणि तिसऱ्या गाडीत, भाच्याच्या शेजारी, आत्या.

या वर्षी पहाटे चारला निघालो. आमची पांढरी, काकांची लाल आणि तिसरी म्हातारी अशी गाड्यांची नावं ठरली. म्हातारी म्हणजे भाच्याची २००९ची गाडी, आत्याने गैरसमज करून घेऊ नये. पळस्प्यापर्यंत छान चाललं. मग म्हातारीतून हाका सुरू झाल्या.

"पांढरी, पांढरी, ऐकू येतंय का?"

"येतंय आत्या, बोल."

"अगं कुणी आहे का तिकडे?"

"आहे! येतंय ऐकू!"

"ही बोलतच नाही. झोपली वाटतं."

पेण गेलं, वडखळ गेलं (या वेळी तिन्ही गाड्या सरळ), आत्या मला हाका मारतेय, मी घसा ताणून उत्तर देतेय आणि तिला काही ऐकू नाही. माणगावच्या कोंडीत गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या तेव्हा मी उतरून मागे गेले. भाच्याने आदल्या रात्री सेटशी खेळताना 'प्रायव्हसी कोड' ७ वर टाकून ठेवला होता. नावावर जाऊ नका, त्याने बोलणं खाजगी वगैरे होत नाही. बोलण्याबरोबर एक बारीक सूर जातो आणि ज्या सेटवर कोड लावलाय तो सेट, तो सूर नसलेलं सगळं गिळून टाकतो. आमच्यावर कोड शून्य, म्हणून आम्हाला तिचं सगळं ऐकू येत होतं. तिला आमचं काहीच नाही. म्हणजे घरातल्यासारखंच, असं भाचा म्हणाला आणि पाठीत धपाटा खाल्ला.

दुसरी भानगड बटणाची. यात एका वेळी एकानेच बोलायचं. एकाने बटण दाबून ठेवलं की तो काही ऐकू शकत नाही आणि बाकीच्यांना तोंड उघडायची सोय नाही. आमच्या घरात हा नियम कधीच नव्हता. आत्याने बटण दाबलं आणि महाड ते पोलादपूर सोडलंच नाही. तिच्या शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, तांदळाचा भाव, भाच्याचं ब्रेक मारणं, सगळं आलं. काका पुढच्या पंपावर थांबायचं सांगायला धडपडत होते आणि लाल गाडी कोपऱ्यावर वळून गेलीसुद्धा. शेवटी नवऱ्याने गाडी शेजारी नेली आणि मी खिडकीतून ओरडले, "आत्या, बटण सोड!"

त्यानंतर तिला 'ओव्हर' शिकवलं. बटण दाब, एक श्वास थांब, मग बोल, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. संपलं की ओव्हर म्हण आणि सोड. बटणाशिवाय आपोआप चालू होणारी सोय होती ती आम्ही बंदच ठेवली, कारण प्रत्येक हॉर्नला सेट बोलायला लागायचा. कशेडीच्या बोगद्यात आम्ही आत आणि म्हातारी बाहेर असताना मिनिटभर आवाज गेला, ती आत शिरली तसा परत आला. बाकी जिथे मोबाइलच्या दांड्या गायब होतात तिथे हा अर्ध्या वॉटचा डबा निमूट चालत होता. "पुढे खड्डा, डावीकडून घ्या." "मागून रुग्णवाहिका येतेय, जागा द्या." एवढंच बोलणं, पण वेळेवर. खेडच्या पुढे लाल गाडीचं मागचं चाक बसलेलं काकांना कळलं ते आत्यामुळे. "लाल, तुमचं डावं चाक वेडंवाकडं दिसतंय, ओव्हर." काकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिचं एका वाक्यात ऐकलं.

परत येऊन महिना झाला. तीन सेट माझ्या कपाटात आहेत, चौथा आत्याने दिलेला नाही. ती आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते, चौथ्या मजल्यावर. घरातून पोचत नाही, पण गच्चीवर आली की पोचतं. रात्री साडेनऊला कपाटातून खरखर येते.

"पांढरी, जेवलात का? ओव्हर."