तुम्ही विचारलंत म्हणून: पडदा फाटला म्हणजे नेमकं काय झालं?

‘दोन हजार वर्षांपूर्वी एकाला वधस्तंभावर मारलं, त्यानं आज मी देवाच्या जवळ कसा येणार?’ ख्रिस्ती माणसाला हे हमखास विचारतात. ‘तो आपल्या पापांसाठी मेला’ हे उत्तर बरोबरच आहे, पण तेवढ्यानं विचारणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. त्यापेक्षा बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानातलं १५:३८ उघडावं. येशूनं प्राण सोडला आणि यरुशलेमच्या मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला.

निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचा आणि तलम सणाच्या धाग्याचा पडदा, त्यावर करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव. निर्गमच्या २६व्या अध्यायात मराठी बायबल त्याला ‘अंतरपट’ म्हणतं. लग्नातला अंतरपट मंगलाष्टकं संपली की दूर होतो. हा टांगलेलाच राहायचा. त्यामागच्या परमपवित्रस्थानात, म्हणजे सगळ्यात आतल्या खोलीत, वर्षातून एकच दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा प्रमुख याजक जायचा.

लेवीय १६ मध्ये त्याची रीत दिली आहे. आधी अंघोळ. भरजरी पोशाख नाही, सणाच्या कापडाची साधी वस्त्रं. स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा. धुपाटण्यात वेदीवरचे निखारे आणि ओंजळभर बारीक कुटलेला धूप. त्याच्या धुरानं दयासन, म्हणजे आतल्या पवित्र पेटीवरचं झाकण, झाकलं पाहिजे, नाहीतर मरण. मग दयासनासमोर बोटानं सात वेळा रक्त शिंपडायचं. नंतर लोकांसाठी बकरा, पुन्हा तेच. (याजकाच्या पायाला दोर बांधत, असं प्रवचनांत सांगतात, बायबलात ते कुठेही नाही.) पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, तर बाहेरच्या अंगणातच अडायचे. यरुशलेमात १८७१ मध्ये सापडलेल्या ग्रीक शिलालेखात ताकीद आहे: परक्यानं कठडा ओलांडला, तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. इफिसकरांस पत्रातली ‘मधली आडभिंत’ वाचताना हा दगड डोळ्यांपुढे ठेवावा.

इब्री लोकांस पत्राचं म्हणणं असं, की ख्रिस्त हाच याजक आणि तोच बळी, आणि हे अर्पण एकदाच. पडदा म्हणजे त्याचा देह (१०:२०). इथे बरेच जण घसरतात: रागावलेला पिता आणि मध्ये पडलेला पुत्र, असं चित्र रंगवतात. पण पौल लिहितो, ख्रिस्तामध्ये देवच जगाशी समेट करत होता (२ करिंथ ५:१९). पडदा वरून, देवाच्या बाजूनं फाटला, तो उगाच नव्हे.

दुसरी चूक म्हणजे जवळीक भावनेवर मोजणं. प्रार्थनेत मन कोरडं राहिलं, की वाट बंद झाली असं वाटतं. मार्कमध्ये पडद्याच्या चारच ओव्या आधी येशू ओरडतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ वाट उघडली ती त्याच दुपारी.

आणि ‘आता मला मंडळीची (चर्चची) गरज नाही’ म्हणणाऱ्यानं इब्री १०:२२ वर थांबू नये. ‘आपण जवळ येऊ’ तिथे आहे. तीन ओव्या पुढे, एकत्र जमणं सोडू नका, हेही आहे.