हे इंजिन कोणत्या तारखेचे?

गेल्या रविवारी आमच्या इमारतीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्या कामाच्या टेबलाशी आले. त्यांची सारी नोकरी इथल्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाच्या, रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली आहे. टेबलावर कॉनरेल या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या निळ्या रंगातले एसडी४०-२ या डिझेल इंजिनाचे मॉडेल होते. खरे इंजिन सहा आसांचे आणि ३००० अश्वशक्तीचे, तर माझे १:८७ या प्रमाणातले, जेमतेम २४ सेंटिमीटर लांबीचे. मी त्याला तारेच्या बारीक कड्या बसवल्या होत्या आणि त्या त्यांनी पाहाव्यात अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी इंजिन उचलले, खिडकीकडे नेऊन चारही बाजूंनी न्याहाळले आणि एवढेच विचारले, "हे कोणत्या तारखेचे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. गेले आठ दिवस तो प्रश्न मनातून जात नाही.

कॉनरेल १ एप्रिल १९७६ रोजी सुरू झाली आणि १ जून १९९९ रोजी तिचा कारभार नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स या दोन कंपन्यांनी वाटून घेतला. या तेवीस वर्षांत एकच इंजिन कितीदा बदलले असेल! सार्वजनिक फाटकांवरून ताशी २० मैलांपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या इंजिनांना मुख्य दिव्याखेरीज खाली दोन जादा दिवे हवेत, असा केंद्रीय नियम इथे झाला आणि त्यासाठी ३१ डिसेंबर १९९७ ही मुदत ठरली. या दिव्यांना इथे डिच लाइट म्हणतात. माझ्या इंजिनावर ते नव्हते; म्हणजे ते १९९९ सालचे असणे शक्य नव्हते. पण रंग इतका कोरा होता की ते पंधरा वर्षे घाटात राबलेलेही वाटत नव्हते. कारखान्यातून रंगवून आलेले मॉडेल कोणत्याच दिवसाचे नसते, हे मला त्या प्रश्नाने कळले.

आई फोनवर विचारते, "अगं, एवढी महागाची नवी कोरी वस्तू, ती खरवडून मळवायची कशाला?" तिचा प्रश्न रास्त आहे. तरीही मी ती मळवते आहे हे मला मान्य नाही. इथले कित्येक जण मूळ रंग पूर्ण उतरवून इंजिन नव्याने रंगवतात, आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. मी मात्र मूळ रंग उतरवत नाही, आणि त्याचे कारण आळस नव्हे. कारखान्यात रबरी गादीच्या ठशाने छापलेली अक्षरे इतकी रेखीव असतात की तांत्रिक सूचनांची ओळदेखील भिंगाखाली वाचता येते. ते काम माझ्या हातून कधीही होणार नाही. मग जे उत्तम आहे ते राखावे आणि जे नाही तेवढेच जोडावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

जोडणे म्हणजे काय, ते सांगते. चालकाने धरायच्या कड्या अनेक मॉडेलांवर अंगचाच उंचवटा म्हणून ओतलेल्या असतात. तो उंचवटा धारदार पात्याने तासायचा, हातड्रिलने ०.३४ मिलिमीटरची भोके पाडायची आणि त्यांत ०.३ मिलिमीटर जाडीची पितळी तार वाकवून बसवायची. हे प्रमाण मोजले तर ती तार खऱ्या इंजिनावरच्या सुमारे एक इंची सळईइतकी भरते. याच रीतीने उचलण्याच्या कड्या, हवेच्या नळ्या, वायपर आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) सोडवण्याची दांडी ही कामे होतात. सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद टाचणीच्या टोकाने, अगदी कणभर लावावा लागतो. त्याच्या वाफेने खिडकीची काच पांढुरकी होते आणि माझी एक काच तशी झालीच. तासलेल्या जागी उघडे प्लॅस्टिक दिसते, म्हणून तेवढ्यापुरता निळा रंग जुळवावा लागतो. दिव्याखाली तंतोतंत जुळलेला निळा सकाळच्या उजेडात निराळा दिसतो, म्हणून आता मी रंग फक्त दिवसाच जुळवते.

आमच्याकडून थोड्याच अंतरावर १८५४ साली खुले झालेले हॉर्सशू कर्व्ह नावाचे रेल्वेमार्गाचे वळण आहे. तिथे चढावर मालगाड्यांना मागून ढकलणारी इंजिने लागतात. कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना बँकर म्हणजे काय हे समजावावे लागत नाही, आणि इथल्या लोकांना मी हे अभिमानाने सांगते. आपले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिनसुद्धा मूळचे अमेरिकेतल्या अल्को कंपनीचे, १९६२ पासून आपल्याकडे आलेले; पण वाराणसीच्या कारखान्याने ते असे आपलेसे केले की आज ते कोणाला परके वाटत नाही. एका शेडचे इंजिन दुसऱ्या शेडकडे गेले की जुन्या रंगावर नव्या शेडचे नाव येते, हे आपण स्टेशनांवर पाहिलेलेच आहे. इथेही तेच घडले. वाटणीनंतर कॉनरेलची निळी इंजिने लगेच रंगवली गेली नाहीत. खिडकीखालचा जुना क्रमांक रंगाच्या चौकोनाने झाकून त्यावर नवा क्रमांक घातला गेला. याला इथे पॅच म्हणतात.

मी तीच अवस्था निवडली, आणि तिथेच मला क्रमाचे महत्त्व उमगले. ज्या क्रमाने त्या इंजिनाच्या आयुष्यात गोष्टी घडल्या, त्याच क्रमाने थर द्यायला हवेत. आधी उन्हाने विटलेपण, म्हणजे पांढरट राखाडी रंग अतिशय पातळ करून एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या बारीक फवाऱ्याने, दिलेले चार-पाच हात. त्यांनी माझे जुळवलेले ठिपकेही मूळ रंगात मिसळून गेले. त्यानंतर डिच लाइट, कारण ते विटलेल्या अंगावर नंतर बसले. मग पॅच, त्यावर चकचकीत वार्निश आणि मगच क्रमांकाचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चित्र. खरखरीत रंगावर डिकॅल लावले तर खाली हवा अडकून ते चंदेरी दिसते. सर्वांत शेवटी मंद वार्निश, धूळ आणि धुराड्याभोवतीची काजळी. छापील जुना क्रमांक मी पुसला नाही. तिरप्या प्रकाशात तो पॅचखालून किंचित उमटतो, आणि खऱ्या झाकलेल्या आकड्यांचेही असेच होते.

परवा ते गृहस्थ पुन्हा आले आणि त्यांनी स्वतः काढलेला एक फोटो माझ्याकडे ठेवून गेले. मी मागितला नव्हता. मागे पेन्सिलीने ऑगस्ट १९९९ लिहिले आहे. फोटोत छप्पर काळे आहे, चाकांच्या सांगाड्यांवर तांबूस धूळ आहे, पण खिडकीखालचा चौकोन अजून स्वच्छ आहे, कारण तो लावून जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. मी मात्र सगळ्या अंगावर सारखीच काजळी द्यायची ठरवले होते. आज संध्याकाळी एअरब्रश हाती घेण्यापूर्वी तो चौकोन मी टेपने झाकून ठेवला आहे.