कोंकचं सोनं कुणी राखलं

फ्रान्समधल्या ल प्युईहून निघणारी सान्तियागो या स्पेनमधल्या तीर्थक्षेत्राची पायवाट सगळेच जण एका दमात स्पेनपर्यंत चालत नाहीत. सवड असेल तेवढी चालायची, उरलेली पुढच्या खेपेला. मी कोंकचा मुक्काम धरून निघालो होतो, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. शेवटची उतरण खडी आणि दगडाळ. झाडी संपते आणि दरीच्या कुशीत पातळ दगडी पाट्यांची छपरं दिसू लागतात.

आव्हेरों जिल्ह्यातलं हे गाव इतकं लहान, की त्यातलं अकराव्या-बाराव्या शतकांतलं चर्च त्याला मोठंच वाटतं. आत सेंत-फ्वा ही बालहुतात्मा. तिच्या अस्थी नवव्या शतकात इथल्या भिक्षूने आजां शहराहून चक्क पळवून आणल्या. सोन्याने मढवलेली तिची बैठी मूर्ती जेमतेम ८५ सेंटिमीटरची, पण शतकानुशतकं भाविकांनी वाहिलेल्या रत्नांनी अंगभर भरलेली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्चचं सोनं-चांदी जप्त होऊन वितळवलं जात होतं. तेव्हा गावकऱ्यांनी हा खजिना आपापल्या घरी लपवला आणि दिवस पालटल्यावर परत आणून दिला. गरीब डोंगरी गाव, एकेका वस्तूत घरादाराचं दारिद्र्य फिटलं असतं! मला मूर्तीपेक्षा त्या माणसांपुढे जास्त नमावंसं वाटलं.

रात्रीच्या प्रार्थनेत संन्यासी यात्रेकरूंना आशीर्वाद देतात. मग बाहेर येऊन एक जण महाद्वारावरचं अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव करील त्या पापपुण्याच्या निवाड्याचं, शिल्प उलगडून सांगतो. भाषा अर्धीच कळली, गोडी मात्र कीर्तनाची. शंभराहून अधिक आकृती आहेत. सैतान तराजूचं पारडं बोटाने हळूच खाली दाबतोय. गळ्यात थैली अडकवलेला कंजूष फासावर लटकतोय. सेंत-फ्वा लोटांगण घालतेय आणि मागे तिने सोडवलेल्या कैद्यांच्या बेड्या टांगल्या आहेत. कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

१८३७ मध्ये प्रॉस्पर मेरिमे स्मारकांचा निरीक्षक म्हणून इथे आला तेव्हा चर्च मोडकळीला आलं होतं. त्याच्या पाठपुराव्याने ते सावरलं. १९९४ मध्ये पिएर सुलाज या जवळच्याच रोडेझच्या चित्रकाराच्या १०४ काचा बसल्या. त्यांत रंग नाही, चित्र नाही. बाहेरचा उजेड बदलला की काच बदलते. सकाळी निळसर भासलेली खिडकी संध्याकाळी पिवळसर होती. जुन्या दगडाला याहून शोभणारं काही सुचलं नसतं.

कोंकला एक दिवस जास्तीचा ठेवाच. पुढे दुर्दू नदीचा जुना पूल ओलांडला की लगेच दमछाक करणारा चढ लागतो. मध्यावर सेंत-फ्वाचं छोटं देऊळ आहे. तिथली घंटा मागून येणाऱ्यांसाठी वाजवायची रीत आहे, ती चुकवू नका.