शिकागोत पत्ता विचारायचा नाही, मोजायचा

मे उजाडला की पुण्या-मुंबईहून आई-बाबा, काका-काकू शिकागोत दाखल व्हायला लागतात. सगळ्यांच्या फोनमध्ये यादी तीच: बीन हे आरशासारखं शिल्प, विलिस टॉवर ही उंच इमारत, बोट, डीप डिश पिझ्झा. यादीत चूक काही नाही. पण साठी उलटलेला माणूसही मुलाला सुट्टी घ्यायला न लावता ज्याच्या जोरावर इथे एकटा हिंडू शकतो, ते त्या यादीत कधीच नसतं. ते म्हणजे इथले घरनंबर.

स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, ते शून्य. तिथून चारी दिशांना आकडे चढत जातात. ८०० आकडे म्हणजे एक मैल, आणि १०० म्हणजे साधारण २०० मीटर, आपल्या चालीने तीन मिनिटं. रिग्ली फील्ड हे बेसबॉलचं मैदान १०६० वेस्ट ॲडिसनला आहे आणि ॲडिसन रस्त्याचा स्वतःचा आकडा ३६०० नॉर्थ. म्हणजे शून्यापासून साडेचार मैल उत्तरेला आणि सव्वा मैलाहून थोडं जास्त पश्चिमेला. नकाशा न उघडता कळलं.

एवढ्यावर थांबत नाही. सम नंबर रस्त्याच्या उत्तर किंवा पश्चिम बाजूला, विषम दक्षिण किंवा पूर्व बाजूला. आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय १११ साउथ मिशिगन: विषम, म्हणजे पूर्वेला, तळ्याच्या बाजूला. कल्चरल सेंटर ७८ ईस्ट वॉशिंग्टन: सम, म्हणजे वॉशिंग्टन स्ट्रीटच्या उत्तर कडेला. बसमधून उतरण्याआधीच कुठल्या फुटपाथवर जायचं ते ठरलेलं असतं.

ही पद्धत १९०९ पासूनची. एडवर्ड ब्रेनन नावाच्या एका साध्या नागरिकाने शहराच्या मागे लागून ती करवून घेतली. त्याआधी इथेही एकाच नावाचे अनेक रस्ते आणि मनाला येतील तसे नंबर असा कारभार होता. तेव्हा 'नारायण पेठ, पत्र्या मारुतीजवळ' या पत्त्याला हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. शिवाय १८३० मध्ये इथे सपाट जमिनीवर पट्टीने रेघा आधी मारल्या, वस्ती मागून आली. आपल्या पेठा माणसांसकट वाढल्या. आणि ही जमीन तरी कोरी कुठे होती? मिलवॉकी, क्लार्क हे तिरके रस्ते म्हणजे मूळ रहिवाशांच्या जुन्या पायवाटा. पाहुणे चुकतात ते नेमके तिथेच. मिलवॉकी ॲव्हेन्यूवरचा नंबर तुम्ही किती उत्तरेला आहात तेवढंच सांगतो, किती पश्चिमेला ते नाही.

हिशोब बिघडतो अशा आणखी तीन जागा.

एक, दक्षिणेचे पहिले तीन मैल. तिथे एक मैल १२०० वर येतो, दुसरा २२०० वर, तिसरा ३१०० वर, आणि पुढे पुन्हा ८०० चा नियम. चायनाटाउनचा सर्मॅक रोड २२०० साउथला. भागाकार केला तर पावणेतीन मैल येतात, प्रत्यक्षात दोनच आहेत.

दोन, 'वेस्टर्न'. ट्रेनच्या स्टेशनांना बहुधा आडव्या जाणाऱ्या रस्त्याचं नाव देतात. वेस्टर्न ॲव्हेन्यू (२४०० वेस्ट) एवढा लांब आहे की या नावाची पाच स्टेशनं झाली, त्यातली दोन एकट्या ब्लू लाइनवर, एक डाउनटाउनच्या अलीकडे आणि एक पलीकडे. कुणी 'वेस्टर्नला उतर' म्हणालं की आधी लाइन विचारा आणि ब्लू असेल तर ओहेअर विमानतळाकडचं की फॉरेस्ट पार्ककडचं, तेही.

तीन, वॅकर ड्राइव्ह, आणि याने मात्र डोकं उठतं. नदीबरोबर वळत जाणारा हा रस्ता नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट अशा चारही नावांनी भेटतो, म्हणून दिशेचं अक्षर गाळलं की गाडी भलतीकडे जाते. विलिस टॉवर २३३ *साउथ* वॅकर. त्यातून हा रस्ता मजल्यांचा आहे: वरचा वॅकर, खालचा वॅकर, आणि काही भागात त्याच्याही खाली आणखी एक. खाली जीपीएसला आकाश दिसत नाही, त्यामुळे बाण गोल फिरत राहतो. टॅक्सी बोलावली की ड्रायव्हर बरोबर ठिपक्यावर, तुम्हीही बरोबर ठिपक्यावर, आणि मध्ये एक स्लॅब. उपाय एकच: वॅकरवर गाडी बोलवायचीच नाही. स्टेट आणि वॉशिंग्टनच्या कोपऱ्यापर्यंत चालत या, तिथून बोलवा.

एवढं जमलं की तिकिटाशिवायचं शहर उघडं होतं. कल्चरल सेंटर १८९७ चं, मुळात सार्वजनिक वाचनालय, आणि फुकट. रँडॉल्फ रस्त्याकडच्या दारातून शिरलात तर जिने शोधत बसाल. वॉशिंग्टनच्या दारातून आत जा. संगमरवरी जिना थेट त्या टिफनी घुमटाखाली नेतो: ३८ फूट व्यास, सुमारे ३०,००० काचेचे तुकडे. बाहेर पडल्यावर दोन मिनिटांवर बीन, मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांची. सकाळी लवकर जा, नाहीतर त्या आरशात फक्त गर्दी दिसते.

उंच इमारती बघायला मर्चंडाइज मार्ट स्टेशनवरून डाउनटाउनकडे जाणारी ब्राउन लाइन धरा. ती वेल्स स्ट्रीटच्या दुमजली पुलावरून नदी ओलांडते, लूपला, म्हणजे डाउनटाउनमधल्या उंचावरच्या रुळांच्या वेढ्याला, घड्याळाच्या उलट फेरी मारते आणि परत उत्तरेला निघते. उतरायचंच नाही, एका तिकिटात होतं. विलिस टॉवरच्या वर जायचंच असेल तर पैसे भरण्याआधी रस्त्यावरून मान वर करा. टोक ढगात असेल तर १०३ व्या मजल्यावरून पांढरं पटल दिसेल, दुसरं काही नाही.

आपल्या लोकांना आर्ट इन्स्टिट्यूटची ओढ वेगळ्या कारणाने असते. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद बोलले ती हीच वास्तू. समोर मिशिगन ॲव्हेन्यूच्या तुकड्यावर त्यांच्या नावाची तपकिरी पाटी आहे. डेव्हन ॲव्हेन्यूवर तशीच गांधी मार्गाची आहे, आणि त्याच रस्त्यावर जिन्नांच्या नावाचीही. तपकिरी पाटी मानाची असते, पत्त्याची नव्हे. पत्ता हिरव्या पाटीवरचा, ॲपमध्ये तोच घालायचा.

डेव्हनचा आकडा ६४०० नॉर्थ, म्हणजे शून्यापासून आठ मैल. रेड लाइनने लोयोलाला उतरा, १५५ नंबरची बस पश्चिमेकडे घ्या आणि बसमधूनच दुकानांचे नंबर वाचत राहा. २४०० आलं, की तुम्ही वेस्टर्नला पोचलात. साड्या, मिठाई आणि इडलीची दुकानं तिथेच आजूबाजूला आहेत.