ईएसएक्सआय सोडून प्रॉक्समॉक्सवर: मल्टिपाथ बसवण्याचा माझा अनुभव

नोव्हेंबर 2023मध्ये ईएसएक्सआय ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली बनवणारं व्हीएमवेअर ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेलं, डिसेंबरात परपेच्युअल (एकदा घेऊन कायम चालणाऱ्या) लायसन्सची विक्री थांबली, आणि बऱ्याच जणांसारखी आम्हीही प्रॉक्समॉक्सची, म्हणजे तेच काम करणाऱ्या लिनक्सवरच्या प्रणालीची, वाट धरली. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) हलवणं फारसं जड गेलं नाही. वेळ खाल्ला तो आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडणाऱ्या) स्टोरेजच्या मल्टिपाथने, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे अनेक पाथ सांभाळण्याने, कारण ईएसएक्सआयमध्ये जे आपोआप होतं ते इथे स्वतः लिहावं लागतं.

ईएसएक्सआयमध्ये एनएमपी, म्हणजे तिथली मल्टिपाथ यंत्रणा, अ‍ॅरे (डिस्कची सामायिक पेटी) ओळखतो, त्याला एसएटीपी (जुळणारं मॉड्यूल) लावतो आणि त्यावर पाथ निवडायची पॉलिसी ठरते: फिक्स्ड, एमआरयू (शेवटचा वापरलेला पाथ) किंवा राउंड रॉबिन. राउंड रॉबिन मुळात 1000 आयओ (वाचण्या-लिहिण्याच्या विनंत्या) झाल्यावर पाथ बदलतो. तो आकडा 1वर आणणं हे आपल्यातल्या अनेकांचं पाठ झालेलं काम. लिनक्सवर आल्यावर पहिल्यांदा तीच सेटिंग शोधाविशी वाटते. शोधू नका. इथे तिचं नाव आरआर-मिन-आयओ-आरक्यू, आणि ती मुळातच 1 असते. नेटवरच्या जुन्या नमुन्यांत दिसणारी नुसती आरआर-मिन-आयओ, किंमत 1000, ही पुराण्या कर्नलची. आजच्या कर्नलवर तिचा काही परिणाम होत नाही.

मांडणी अशी: तीन नोड (सर्व्हर), प्रत्येकात आयस्कझीसाठी वेगळे दोन 25 गिगाबिट पोर्ट, दोन स्विच, आणि दोन कंट्रोलरचा एएलयूए (कुठला पाथ थेट आणि कुठला वळशाचा ते सांगणारा) अ‍ॅरे. प्रत्येक कंट्रोलरचा एक पोर्ट पहिल्या स्विचवर, एक दुसऱ्यावर. म्हणजे दर लनला (नोडला एक डिस्क म्हणून मिळणाऱ्या स्टोरेजच्या भागाला) चार पाथ, त्यातले दोन मालक कंट्रोलरकडे जाणारे आणि दोन वळसा घेणारे.

नेटवर्कपासून सुरुवात करा, कारण इथली चूक पुढे स्टोरेजची चूक म्हणून दिसते. दोन पोर्टचा बाँड (दोन्ही जोडून एक) करायचा मोह टाळा. बाँडचा एलएसीपी प्रोटोकॉल एक टीसीपी कनेक्शन एकाच तारेवर ठेवतो, आणि हॅशने दोन सेशन एकाच तारेवर टाकली तर दुसरी रिकामी बसते. शिवाय तार मेल्याचं मल्टिपाथला कळतच नाही. ईएसएक्सआयमध्ये एकाच सबनेटमध्ये पोर्ट बाइंडिंग करायची सवय असते. लिनक्सवर दोन पोर्ट एका सबनेटमध्ये टाकले तर राउटिंग टेबल बाहेर जाणारं सगळं एकाच पोर्टवरून पाठवतं, आणि एआरपीचं (हा आयपी कुणाचा, या प्रश्नाचं) उत्तर भलत्याच कार्डावरून जातं. मग चार पाथ दिसतात, पण चारही एकाच तारेवर. सरळ दोन सबनेट घ्या, दर स्विचला एक. अ‍ॅरेचे आयपी बदलता येत नसतील तरच आयफेस बाइंडिंग (सेशन ठरावीक पोर्टला बांधणं) करा, आणि त्यासोबत कर्नलच्या सेटिंग एआरपी-इग्नोर 1 व एआरपी-अनाउन्स 2.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 9000 ठेवणार असाल तर पिंग तुकडे न करण्याच्या अटीवर, 8972 बाइटचा, प्रत्येक नोडवरून अ‍ॅरेच्या चारही पोर्टना मारून बघा. साधा पिंग जातो, लॉगिनही होतं, आणि पहिल्या मोठ्या राइटला सेशन लटकतं: मधल्या एका स्विचपोर्टवर 1500 राहिल्याचं हे ठरलेलं लक्षण.

डिस्कव्हरी केली की अ‍ॅरे आपले सगळे पोर्टल (जोडायचे पत्ते) सांगतो, ज्यांच्यापर्यंत आपण पोचूच शकत नाही तेसुद्धा. त्यांच्या नोंदी तिथल्या तिथे काढून टाका. राहिल्या तर प्रत्येक रिबूटला लॉगिनचे टाइमआउट पुरे होईपर्यंत वाट बघत बसावं लागतं. उरलेल्यांचं स्टार्टअप ऑटोमॅटिक करा. चार सेशन दिसायला हवीत; तीन असतील तर पुढे जाऊ नका.

यानंतर मल्टिपाथ-टूल्स हे लिनक्सचं पॅकेज, जे प्रॉक्समॉक्ससोबत बसवलेलं येत नाही. ते टाकलं आणि काहीच झालं नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण साधं आहे: फाइंड-मल्टिपाथ्स मुळात स्ट्रिक्ट असतं, म्हणजे ज्या डिस्कचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा एकमेव ओळख आकडा) यादीत आहे तिलाच हात लावला जातो. एससीएसआय-आयडीने चारही एसडी डिस्कचा (दर पाथमागे लिनक्सला एक दिसते) आकडा काढा, चारही सारखे आहेत ना ते बघा, आणि मल्टिपाथला डॅश ए देऊन तो यादीत घाला. हे प्रत्येक नोडवर. मल्टिपाथची कॉन्फिग फाइल ईटीसी-पीव्हीई या क्लस्टरच्या सामायिक फोल्डरखाली नसल्यामुळे क्लस्टर ती इकडून तिकडे नेत नाही. तिन्ही नोडवर ती हातानेच सारखी ठेवावी लागते. एका नोडवर राहिलेला फरक व्हीएम मायग्रेट करून तिथे गेला की डोकं वर काढतो.

आता खरा मुद्दा. अ‍ॅरे नावाजलेला असेल तर त्याच्या सेटिंग मल्टिपाथ-टूल्सच्या आतल्या तक्त्यात आधीच असतात; मल्टिपाथ डॅश टी दिलं की तो सगळा तक्ता समोर येतो. आमचं मॉडेल त्यात नव्हतं. अशा वेळी मल्टिपाथ-टूल्सच्या आमच्या तेव्हाच्या आवृत्तीत पाथ ग्रुपिंग पॉलिसी फेलओव्हर धरली जायची, म्हणजे दर पाथचा वेगळा गट, आणि एका वेळी एकच गट कामाला. मल्टिपाथ डॅश एलएल दिल्यावर चारही पाथ अ‍ॅक्टिव्ह, रेडी, रनिंग असेच लिहिलेले दिसतात. सगळं हिरवंगार. आयओस्टॅट लावलं की मात्र एकच एसडी डिस्क राबताना दिसते आणि बाकीच्या तीन शून्यावर.

म्हणून त्या आउटपुटमध्ये पाथची संख्या मोजत बसू नका, गट बघा. बरोबर मांडणीत दोनच गट हवेत. वरचा प्रायो (प्राधान्य) 50, स्टेटस अ‍ॅक्टिव्ह, त्यात दोन पाथ. खालचा प्रायो 10, स्टेटस एनेबल्ड, त्यात उरलेले दोन. 50 म्हणजे एएलयूएच्या भाषेत ऑप्टिमाइझ्ड, 10 म्हणजे नॉन-ऑप्टिमाइझ्ड. 130 दिसला तर घाबरू नका. अ‍ॅरेने प्रिफर्ड बिट लावला आणि कॉन्फिगमध्ये एक्सक्लुझिव्ह-प्रेफ-बिट असेल तर 50मध्ये 80 मिळतात. चारही पाथना 1 असेल तर एकतर अ‍ॅरे एएलयूए सांगत नाहीये किंवा प्रायो कॉन्स्टवर (सगळ्यांना सारखाच आकडा) पडला आहे. अ‍ॅरेवर होस्टचा प्रकार चुकीचा निवडला की हे होतं, त्यामुळे आधी तिकडे बघा, कॉन्फिग नंतर.

डिव्हाइस विभागात मी ठेवलेलं एवढंच: व्हेंडर आणि प्रॉडक्ट, जसं एससीएसआय इन्क्वायरीत (डिस्क स्वतःची ओळख सांगते त्यात) येतं तसंच, ग्रुपिंग ग्रुप-बाय-प्रायो, प्रायो एएलयूए, हार्डवेअर हँडलर एएलयूए, चेकर (पाथ जिवंत आहे का ते बघणारा) टीयूआर, सिलेक्टर (गटातला पाथ निवडणारा) सर्व्हिस-टाइम, फेलबॅक (चांगला गट परत आला की त्याकडे वळणं) इमिजिएट. फेलबॅक मुळात मॅन्युअल असतं आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. कंट्रोलर रिबूट होऊन परत आला तरी आयओ वळशाच्या पाथवरूनच जात राहतो. कुठे एरर नाही, फक्त लेटन्सी थोडी वाढलेली, आणि लोक डेटाबेसवाल्याला धरून बसतात.

सिलेक्टरबद्दल माझं मत: राउंड-रॉबिनच्या मागे लागू नका. राउंड-रॉबिन एकामागून एक वाटत जातो, एखादा पाथ रेंगाळतोय का हे बघत नाही. क्यू-लेंथ ज्या पाथवर कमी आयओ बाकी आहेत तो घेतो. सर्व्हिस-टाइम, जो मुळात लागू असतो, प्रत्येक पाथवर चालू असलेले बाइट मोजतो. लहान-मोठ्या आयओंची सरमिसळ असलेल्या व्हीएमच्या कामाला तो बरा. ईएसएक्सआय 6.7 अपडेट 1मध्ये राउंड रॉबिनला लेटन्सी पाहणारा पोटप्रकार आला. तसंच काही हवं असेल तर कर्नल 5.8पासून हिस्टॉरिकल-सर्व्हिस-टाइम आहे. गट चुकलेले असताना सिलेक्टर बदलून काहीही फरक पडत नाही.

मग टाइमआउट. नेटवर सगळीकडे क्यू-इफ-नो-पाथ घातलेले नमुने सापडतात. त्याचा अर्थ सगळे पाथ गेले तर आयओ अनंतकाळ रांगेत. प्रोसेस डी स्टेटमध्ये जातात, त्यांना किलही लागू पडत नाही, व्हीजीएस कमांड लटकते, पीव्हीईस्टॅटडी (प्रॉक्समॉक्सची स्थिती गोळा करणारी सेवा) अडकतो आणि वेब इंटरफेसवर नोडसमोर करडी प्रश्नचिन्हं येतात. उलट टोकाला फेल ठेवलं तर स्विचच्या छोट्याशा धक्क्याने गेस्टची (व्हीएमच्या आतली) फाइलसिस्टिम रीड-ओन्ली. मी नो-पाथ-रिट्राय 12 ठेवला. पोलिंग इंटरव्हल 5 सेकंद, म्हणजे साधारण 60 सेकंद रांग आणि मग एरर. तुमच्या अ‍ॅरेचा कंट्रोलर फेलओव्हर किती वेळ घेतो ते मोजून हा आकडा ठरवा. आकडा दिला तरी डॅश एलएलच्या फीचर्समध्ये क्यू-इफ-नो-पाथच दिसतं, त्यावरून कॉन्फिग लागली नाही असं समजू नका. रांगेत अडकलेला मॅप (चार पाथ मिळून बनलेली एक डिस्क) सोडवायचा असेल तर मल्टिपाथडीला (मागे चालणाऱ्या मल्टिपाथ सेवेला) त्या मॅपचं डिसेबल-क्यूइंग सांगा, रिबूट वाचतो.

आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेलं सेशन परत यायची वाट बघायचा वेळ) मुळात 120 सेकंद असतो. एकच पाथ असताना तो ठीक, मल्टिपाथखाली 15 पुरे. मात्र मल्टिपाथडी स्वतःच्या फास्ट-आयओ-फेल सेटिंगवरून, जी मुळात 5 असते, चालू सेशनचा आकडा बदलतो. खरं काय लागू आहे ते सिसएफएसमध्ये (कर्नलची चालू स्थिती दाखवणाऱ्या फोल्डरात) सेशनच्या रिकव्हरी-टीएमओत वाचा, फाइलमध्ये नाही.

ईएसएक्सआयमधून येणाऱ्यांनी आणखी एक धरून चालावं. तिकडे एपीडीचा (सगळे पाथ गेल्यानंतरचा) 140 सेकंदांचा टाइमआउट आणि त्यावर व्हीएम दुसरीकडे उठवणारं एचए असतं. प्रॉक्समॉक्सचं एचए कोरोसिंक (नोडांचा आपसातला संपर्क) पाहतं, स्टोरेज नाही. नोडचे चारही पाथ गेले पण कोरोसिंक जिवंत असेल तर नोड निरोगीच समजला जातो आणि व्हीएम तिथेच अडकून राहतात. यासाठी मॉनिटरिंगमध्ये फॉल्टी पाथचा अलर्ट लावलाच पाहिजे, आणि तो चौथा नव्हे, पहिला पाथ जाताच वाजला पाहिजे.

आता मॅपवर एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारी लिनक्सची व्यवस्था). पीव्ही (एलव्हीएमला दिलेली डिस्क) बनवताना मॅपरखालचंच नाव द्या, एसडीचं नाही. एलव्हीएमच्या ग्लोबल फिल्टरमध्ये सगळ्या एसडी नाकारायचा सल्ला अनेक जण देतात. प्रॉक्समॉक्स नेहमीच्या पद्धतीने बसवलं असेल तर त्याचा स्वतःचा पीव्हीई ग्रुप एसडीएवरच्या एलव्हीएमवर असतो, आणि सरसकट नकार दिला तर तोच बूटला सापडत नाही. नकार फक्त अ‍ॅरेच्या डिस्कना द्या. व्हॉल्यूम ग्रुप एकाच नोडवर बनवायचा, मग स्टोरेजला शेअर्डची खूण करायची. एलव्हीएम-थिन इथे चालत नाही, तो एका वेळी एकाच नोडचा.

चाचणी नोडवर इंटरफेस डाउन करून थांबू नका. स्विचपोर्ट बंद करा, मग तार ओढा, मग एक कंट्रोलर रिबूट करा. तिन्ही वेळा पाथ वेगळ्या तऱ्हेने मरतो. मागे एफआयओ (डिस्कवर भार टाकणारं टूल) चालू ठेवा, डायरेक्ट मोडमध्ये, क्यू 32, आणि तेही गेस्टच्या आतून. थांबा किती सेकंदांचा आला ते लिहून ठेवा, आणि तार परत जोडल्यावर आयओ वरच्या गटात परतला का तेही.

लन वाढवताना ईएसएक्सआय रिस्कॅनवर भागवतो. इथे प्रत्येक नोडवर आयस्कझी सेशन रिस्कॅन, मग मल्टिपाथडीला मॅप रिसाइझ, आणि शेवटी एकाच नोडवर पीव्हीरिसाइझ. चारपैकी एका पाथचा आकार जुना राहिला तर रिसाइझ नाकारला जातो. लन काढताना क्रम उलटा: प्रॉक्समॉक्समधून स्टोरेज काढा, सगळ्या नोडवर व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय करा, मॅप डॅश एफने फ्लश करा, डॅश डब्ल्यूने यादीतून आकडा काढा, चारही एसडी डिलीट करा, आणि मगच अ‍ॅरेवर अनमॅप.