तासगावच्या बेदाणा शेडमधला टाइमलॅप्स : कामाची सद्यस्थिती

द्राक्षाचा बेदाणा होताना टाइमलॅप्समध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेल्या व्हिडिओत, दाखवायचा तर अख्खी शेड दाखवून भागत नाही. गोष्ट एका घडात दिसते. म्हणून मुख्य कॅमेरा, द्राक्षं सुकायला पसरतात त्या जाळीच्या कडेच्या एकाच घडावर लावला आहे. १०० एमएमची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, फोकस मॅन्युअल, तो हलू नये म्हणून रिंगवर चिकटपट्टी.

अडचण उजेडाची. शेड चारी बाजूंनी मोकळी, त्यामुळे दिवस-रात्र सारखी एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) मिळत नाही आणि व्हिडिओ लुकलुकतो. घडाभोवती काळं कापड गुंडाळलं तर वारा अडतो, घड बाकीच्या मालापेक्षा मागे राहतो, म्हणजे गोष्टच खोटी. उपाय फ्लॅशचा : शटर १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं लहान, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्सही (रंगाची छटा) पक्का. या सेटिंगला सावलीतला उजेड फोटोत जवळजवळ उमटतच नाही, फक्त फ्लॅश दिसतो. मावळतीची तिरीप मात्र थेट येते. त्या बाजूला शेडनेट टांगावंच लागतं. फ्लॅश १/१६ पॉवरवर ठेवा. त्याचा आणि ट्रिगरचा (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या यंत्राचा), दोन्हींचा ऑटो-ऑफ बंद करा, नाहीतर दुसऱ्याच फ्रेमला फ्लॅश झोपतो आणि पुढच्या सगळ्या फ्रेम काळ्या.

दर १५ मिनिटांनी एक फ्रेम, दिवसाला ९६. १५ दिवसांच्या १,४४० फ्रेम, सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने जवळपास ५८ सेकंद. सलग लावायचे नाहीत, तीन तुकडे करायचे.

माल हलका होतो तशी जाळी किंचित वर येते. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा उतरतो, म्हणजे तीन हिस्से वजन जातं. म्हणून घडाच्या वर थोडी रिकामी जागा सोडली आहे आणि एफ/११ मुद्दाम निवडलं आहे, फोकसला तेवढी सूट मिळते.

डिपिंग करून (द्राक्षं द्रावणात बुडवून) माल पसरतानाचा शॉट झाला आहे : दोन सेकंदांना एक फ्रेम, शटर एक सेकंद, लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच). माणसांचे हात धूसर होतात आणि जाळी भरत जाते, नजर मालावरच राहते. शटर १/१००वर ठेवलं तर तीच माणसं तुटक उड्या मारताना दिसतात.

आता राहिली झाडणी, म्हणजे सुकलेला बेदाणा जाळीवरून झाडून काढणं. त्याआधी गंधकाची धुरी दिली जाणार असेल तर कॅमेरा, फ्लॅश, केबल सगळं बाहेर काढा. तो वायू ओलाव्यात मिसळला की धातूचे संपर्कबिंदू खातो. स्टँडच्या पायांच्या जागा आधीच जमिनीवर रंगाने आखून ठेवा आणि परत लावताना आधीची फ्रेम स्क्रीनवर घेऊन घडाचा देठ जुळवा.