पूर्ण गुण मिळालेली चूक

गेल्या जुलैत शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या गणिताच्या मुलाखतींना विषयतज्ज्ञ म्हणून गेलो होतो. छाननीत एक अर्ज बाजूला काढलेला दिसला. एमएस्सी दूरशिक्षणातून, सेट (प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. "डिस्टन्सची आहे, बोलवायचं कशाला?" मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. समितीतल्या प्राध्यापकांना ते मला सांगावं लागावं, याचा राग आला.

बोलावल्यावर त्या अर्जदार बाई आल्या. फ्रेंच गणितज्ञ 'कोशी'ला 'काऊची' म्हणाल्या, कुणीतरी हसलं. मला मात्र कसंसंच झालं. ते नाव त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं, फक्त छापलेलं वाचलं होतं.

मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होतो: शून्य ते एक, दोन्ही टोकं धरून, एक्सचा एनवा घात युनिफॉर्मली कन्व्हर्ज होतो का? म्हणजे एन वाढवत नेला की सगळ्या एक्ससाठी एकाच टप्प्यानंतर तो आपापल्या लिमिटच्या हवा तितका जवळ येतो का? आधीच्या नियमितवाल्या मुलाने व्याख्या घडाघडा म्हटली आणि "होतो" म्हणाला. बाईंनी खडू उचलला. एकच्या अलीकडे सगळीकडे लिमिट शून्य, एकवर एक. "एन कितीही मोठा असू दे, अर्ध्याचं एनवं मूळ घ्यायचं. घात केला की परत अर्धाच. मग सगळ्या एक्सना पुरेल असा टप्पा येणार कुठून?"

फळा पुसताना म्हणाल्या, "सर, असाइनमेंटमध्ये मी 'होतो' लिहिलं होतं. दहापैकी दहा मिळाले."

ते पान फाइलमध्येच होतं. प्रत्येक एक्ससाठी वेगळा टप्पा काढलेला आणि शेवटी 'म्हणून सर्वांसाठी एकच'. नेमकी त्याच ओळीवर लाल टिक. शेरा नाही. चूक त्यांना सेटच्या अभ्यासात आलेख काढताना, एकटीलाच सापडली.

पदवीचा दर्जा मी आता अशा लाल टिकेवरून जोखतो. प्रूफ कुणीतरी ओळ न् ओळ वाचून 'इथे घसरलात' लिहायला हवं. तयार असाइनमेंट विकत मिळतात, त्या न वाचता तपासल्या जातात, आणि यात स्वतः लिहिणाराच नागवला जातो. नियमित वर्गातल्या ट्यूटोरियलच्या वह्या तरी किती जण वाचतात?

मी बाईंना पहिलं ठेवलं, बाकीच्यांनी त्या मुलाला. बेरजेत तो वर गेला. गुणपत्रकावर मीही सही केली.

गेटपाशी बाई थांबल्या होत्या. नावं नीट सांगा म्हणाल्या. मी सांगितली: कोशी, ऑयलर, लबेग. त्यांनी ती त्याच पानाच्या समासात लिहून घेतली.